छोट्या वृद्धाश्रमाचा कारभार : विश्वस्तांची जबाबदारी आणि गावाचा आधार

वृद्धापकाळी माणसाला हक्काचे छप्पर, वेळेवर अन्न आणि आपुलकीचे चार शब्द मिळावेत, ही अपेक्षा फार मोठी नाही. एकत्र कुटुंबपद्धतीत ती घरच्या घरी पूर्ण होत असे. शेतीवरील भार, शहरांकडे गेलेला तरुण वर्ग, लहान झालेली घरे आणि वाढलेले आयुर्मान यांमुळे मात्र ही व्यवस्था पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ९.९ टक्के होती. त्यानंतरच्या काळात हे प्रमाण वाढतच गेले आहे. यांतील बहुसंख्य वृद्ध आपल्या कुटुंबातच राहतात आणि तसेच असणे इष्टही आहे. परंतु ज्यांना कुटुंब नाही, किंवा असूनही नसल्यासारखे आहे, अशांसाठी तालुक्या-तालुक्यांतून लहान वृद्धाश्रम उभे राहिले आहेत.

या संस्थांची एक कहाणी वारंवार आढळते. एखादी ध्येयवादी व्यक्ती पुढाकार घेते. स्वतःची जागा देते, मित्रांकडून वर्गणी जमविते आणि दहा-वीस वृद्धांची सोय करते. पहिली काही वर्षे उत्साहात जातात. पुढे ती व्यक्ती थकते किंवा निवर्तते. हिशेब कोणाला ठाऊक नसतो, जागेची कागदपत्रे कोणाच्या नावावर आहेत याचा उलगडा होत नाही, विश्वस्तांची नावे वीस वर्षांपूर्वीचीच असतात. संस्था बंद पडते, आणि एकदा घर गमावलेली माणसे दुसऱ्यांदा बेघर होतात. ही आपत्ती पैशाच्या अभावामुळे जितक्या वेळा येते, तितक्याच वेळा ती कारभाराच्या अभावामुळे येते. म्हणूनच वृद्धाश्रम काढणे ही जशी सेवा आहे, तसाच तो नीट चालविणे हाही अभ्यासाचा विषय आहे.

परंपरेचा धडा

लोकवर्गणीतून सार्वजनिक निवारा चालविण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. तीर्थक्षेत्रांतील धर्मशाळा आणि अन्नछत्रे ही तिचीच रूपे होत. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी लोकांच्या देणग्यांतून धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या कार्याचा एक विशेष कारभाराच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. एवढी मालमत्ता उभी करूनही त्यांनी ती स्वतःच्या मालकीची मानली नाही. तिची व्यवस्था विश्वस्तांकडे सोपविली. संस्था ही संस्थापकाची नसून ज्यांच्यासाठी ती निघाली त्यांची असते, हे तत्त्व त्यांनी आचरणातून शिकविले. पुण्यातील ‘निवारा’ या नावाने परिचित असलेले डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह एकोणिसाव्या शतकापासून निराधारांना आश्रय देत आले आहे. एखादी संस्था अनेक पिढ्या टिकते तेव्हा तिच्या मागे केवळ मूळ दात्याचे औदार्य नसते. प्रत्येक पिढीत नव्याने जबाबदारी उचलणारे मानद कार्यकर्तेही असतात.

कायद्याची चौकट

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याचे तत्त्व सांगितले आहे. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याण कायद्याने त्याला अधिक निश्चित रूप दिले. या कायद्याच्या कलम १९ मध्ये राज्यांनी निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० व्यक्तींची सोय असणारा निदान एक वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारावा, अशी तरतूद आहे. महाराष्ट्रात १९९५ मध्ये ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना सुरू झाली होती. तथापि जिल्ह्याच्या ठिकाणचा एक मोठा आश्रम प्रत्येक गरजूला जवळचा वाटेलच असे नाही. आपल्या बोलीत बोलणारी माणसे, ओळखीची हवा आणि अधूनमधून भेटीस येणारे शेजारी यांचे मोल वृद्धांना फार असते. येथेच लहान, सेवाभावी संस्थेचे महत्त्व दिसून येते.

अशी संस्था सामान्यतः १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किंवा थेट सार्वजनिक न्यास म्हणून स्थापन होते. संस्था नोंदणीसाठी किमान सात व्यक्ती लागतात. महाराष्ट्रात अशा संस्थेला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडे नोंदणी करावी लागते. या कायद्यातील काही तरतुदी प्रत्येक विश्वस्ताने पाठ कराव्यात इतक्या महत्त्वाच्या आहेत. विश्वस्तांत बदल झाला, कोणी निधन पावले, नवे आले किंवा मालमत्तेत भर पडली, तर कलम २२ प्रमाणे त्याचा अहवाल नव्वद दिवसांच्या आत सादर करावयाचा असतो. हिशेब नियमितपणे ठेवून त्यांची तपासणी करून घ्यावी लागते. संस्थेची स्थावर मालमत्ता विकणे, दान देणे किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देणे यांसाठी कलम ३६ अन्वये धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी आवश्यक असते. कर्तव्यात गंभीर कसूर करणाऱ्या विश्वस्ताला दूर करण्याचा अधिकारही कायद्याने दिलेला आहे.

यांतील पहिलीच तरतूद सर्वाधिक दुर्लक्षित राहते. ‘बदल अर्ज’ वेळेवर न दिल्यामुळे नोंदवहीत दिवंगत व्यक्तींची नावे तशीच राहतात. मग बँक सह्या मान्य करीत नाही, अनुदानाचा प्रस्ताव परत येतो आणि दोन गटांत वाद झाल्यास खरे विश्वस्त कोण हेच ठरत नाही. एका कागदाची हयगय वीस माणसांच्या निवाऱ्यावर अशी बेतते.

विश्वस्त कोण असावेत?

लहान गावात विश्वस्त निवडताना मान्यवरांची नावे गोळा करण्याकडे कल असतो. नावामुळे प्रतिष्ठा येते हे खरे; पण जे बैठकीस येत नाहीत त्यांच्याकडून कारभार होत नाही. सात किंवा नऊ जणांचे मंडळ पुरेसे असते. त्यात हिशेब समजणारी एक व्यक्ती, एक डॉक्टर किंवा निवृत्त परिचारिका, कायद्याची माहिती असणारा एखादा सदस्य, एक शिक्षक आणि किमान दोन-तीन महिला असाव्यात. वृद्धाश्रमांतील अनेक प्रश्न स्त्रियांच्या आरोग्याशी आणि संकोचाशी निगडित असतात. केवळ पुरुषांच्या मंडळाला ते कळतही नाहीत. एकाच घरातील अनेक व्यक्ती मंडळात असू नयेत. ठराविक मुदतीनंतर काही सदस्य निवृत्त व्हावेत व नवे यावेत. मात्र सर्वांची मुदत एकाच वेळी संपू नये, म्हणजे अनुभवाचा धागा तुटत नाही.

विश्वस्त मानद असतो, याचा अर्थ त्याचे काम ऐच्छिक असते असा नव्हे. पद स्वीकारणे ऐच्छिक आहे. स्वीकारल्यावर कर्तव्य बंधनकारक आहे. बैठकीची कार्यसूची आधी मिळावी, गणपूर्ती व्हावी, इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहिले जावे आणि पुढील बैठकीत ते वाचून कायम केले जावे. एखाद्या विश्वस्ताच्या दुकानातून किराणा घ्यावयाचा असेल किंवा त्याच्या नातेवाइकास कामावर ठेवावयाचे असेल, तर ही गोष्ट त्याने आधी उघड करावी, चर्चेतून बाजूला व्हावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. यात अविश्वास दाखविण्याचा हेतू नसतो. प्रामाणिक माणसाच्या प्रामाणिकपणाला कागदाचा आधार देणे, एवढाच त्याचा अर्थ.

मंडळ आणि व्यवस्थापक यांच्या कामाची विभागणीही स्पष्ट असावी. धोरण, अंदाजपत्रक, प्रवेशाचे नियम, नेमणुका आणि तपासणी ही मंडळाची कामे. रोजचा स्वयंपाक, औषधे, स्वच्छता आणि कर्मचाऱ्यांच्या पाळ्या ही व्यवस्थापकाची. प्रत्येक विश्वस्त आपल्यापरीने स्वयंपाकघरात सूचना देऊ लागला, तर कर्मचारी कोणाचेच ऐकत नाहीत. उलट मंडळाने सर्वस्वी व्यवस्थापकावर भिस्त ठेवली, तर उणिवा उशिरा कळतात. प्रत्येक विश्वस्ताने पाळीपाळीने, न कळविता, महिन्यातून एकदा भेट द्यावी, वृद्धांबरोबर तेच जेवण घ्यावे आणि भेटीच्या वहीत चार ओळी लिहाव्यात. ही साधी प्रथा अनेक दोष वेळीच उघड करते.

खर्चाचे गणित

वृद्धाश्रमाचे अर्थकारण समजण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. समजा, एका संस्थेत २० वृद्ध आहेत आणि अन्न, वीज, औषधे, पगार व देखभाल मिळून प्रत्येकामागे दरमहा ९,००० रुपये खर्च येतो. मासिक खर्च १,८०,००० रुपये झाला. यांपैकी ८ जण पूर्ण शुल्क देतात, ६ जण निम्मे देतात आणि ६ जण काहीच देऊ शकत नाहीत, असे धरू. शुल्काचे उत्पन्न ९९,००० रुपये होते आणि दरमहा ८१,००० रुपयांची तूट उरते. वर्षाची तूट ९,७२,००० रुपये. ही रक्कम एका मोठ्या दात्याकडून मिळविणे शक्य असले तरी धोक्याचे आहे. तो दाता दूर गेला की संस्था कोसळते. तीच तूट १६२ कुटुंबांनी दरमहा ५०० रुपये देऊनही भरून निघते. दहा-वीस कुटुंबे गळाली, तरी संस्था उभी राहते.

याच उदाहरणातून आणखी दोन गोष्टी स्पष्ट होतात. पूर्ण शुल्क देणाऱ्या एका वृद्धाच्या जागी निराधार वृद्ध आला की तूट ९,००० रुपयांनी वाढते; म्हणून मोफत जागा किती ठेवावयाच्या, याचा निर्णय मंडळाने वर्षारंभीच घ्यावा आणि तो पाळण्यासाठी निधीची तरतूद करावी. दुसरे म्हणजे, किमान सहा महिन्यांच्या खर्चाइतका, येथे १०,८०,००० रुपये, राखीव निधी असावा. इमारतीवर मजला चढविण्यापूर्वी हा निधी पुरा व्हावा. नव्या खोलीवर दात्याच्या नावाची पाटी लावता येते, राखीव निधीवर लावता येत नाही; म्हणूनच खोल्या वाढतात आणि पगार थकतात.

पैशाच्या हाताळणीत चार नियम पुरेसे आहेत. प्रत्येक देणगीला, मग ती वस्तूची का असेना, क्रमांकित पावती द्यावी. बँकेचे व्यवहार दोघांच्या सहीने व्हावेत. जो पैसे स्वीकारतो त्यानेच कीर्द लिहू नये. आणि वार्षिक हिशेब संस्थेच्या फलकावर, सर्वांना वाचता येईल अशा मराठीत लावावा. आयकरातील दानसवलतीसाठी संस्थेने स्वतंत्र नोंदणी करावी लागते आणि दोन हजार रुपयांवरील रोख देणगीस ती सवलत मिळत नाही, हे दात्यांस आधीच सांगावे. परदेशस्थ हितचिंतकांकडून देणगी घेताना २०१० च्या विदेशी अभिदाय नियमन कायद्याच्या अटी तपासल्याशिवाय रक्कम स्वीकारू नये. २०१३ च्या कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाच्या यादीत वृद्धाश्रमांचा समावेश आहे; परिसरातील कारखान्यांकडे त्या आधारे रीतसर प्रस्ताव देता येतो.

गावाचा आधार

लहान संस्थेची खरी शक्ती तिच्या परिसरात असते. सुगीच्या दिवसांत घरटी पायली-दोन पायली धान्य जमा झाले, तर धान्याचा मोठा खर्च वाचतो. बचतगटाच्या महिला पापड, मसाले, अंथरुणे पुरवू शकतात. भजनी मंडळ आठवड्यातून एक सायंकाळ आश्रमात हरिपाठ म्हणू शकते. गावातील न्हावी, शिंपी, वायरमन, नळकारागीर यांनी महिन्यातून अर्धा दिवस दिला, तरी पुष्कळ कामे होतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सहकार्याने रक्तदाब व मधुमेहाची नियमित तपासणी ठरविता येते.

परंतु मदतीलाही शिस्त हवी. वाढदिवस आणि पुण्यतिथी यांनिमित्त गोडाचे जेवण देण्याची प्रथा सर्वत्र रूढ आहे. भावना चांगली असली तरी तिचे परिणाम नेहमीच चांगले नसतात. एकाच आठवड्यात तीनदा शिरा-पुरी येते आणि मधुमेही वृद्धांची साखर वाढते. त्याच आठवड्यात रात्रपाळीच्या सेविकेचा पगार मात्र थकलेला असतो. दात्याचे मन न दुखविता त्याचे दान योग्य दिशेला वळविणे ही कार्यकर्त्यांची कसोटी आहे. ‘एका दिवसाचे जेवण’ याबरोबरच ‘एका महिन्याची औषधे’, ‘एका रात्रीची शुश्रूषा’, ‘एका खाटेची गादी’ अशी गरजांची यादी दरमहा फलकावर लावल्यास दाते स्वतःहून तीतून निवड करू लागतात.

स्वयंसेवकांच्या बाबतीतही असेच आहे. उत्साहाने एकदा येणाऱ्या पन्नास जणांपेक्षा ठरलेल्या वारी न चुकता येणारे पाच जण अधिक उपयोगी ठरतात. त्यांची ओळख पटवून नोंद ठेवावी, कोणते काम करावे व कोणते करू नये हे समजावून द्यावे. औषध देणे, आजारी व्यक्तीस उचलणे, पैशाचे व्यवहार सांभाळणे ही कामे अननुभवी स्वयंसेवकावर सोपवू नयेत. वृद्धांची छायाचित्रे त्यांच्या संमतीवाचून काढू नयेत व प्रसिद्ध करू नयेत. ज्याने आयुष्यभर कष्ट करून कोणापुढे हात पसरला नाही, त्याला ब्लँकेट स्वीकारतानाचे छायाचित्र अपमानास्पद वाटते, याचे भान ठेवावे.

वृद्धांचा शब्द

ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्यांचे मत कारभारात क्वचितच विचारले जाते. आश्रमवासीयांची तीन किंवा पाच जणांची समिती असावी. जेवणातील पदार्थ, दिव्यांची वेळ, भेटीचे नियम यांविषयी तिचा सल्ला घ्यावा आणि मंडळाच्या बैठकीत तिच्या प्रतिनिधीला बोलण्याची संधी द्यावी. प्रवेशाच्या वेळी शुल्क, अनामत, आजारपणातील खर्च, जवळचे नातेवाईक आणि मृत्यूनंतरची व्यवस्था यांचा लेखी करार करून तो वाचून दाखवावा. अनामत रक्कम परत करण्याची वेळ येईल हे गृहीत धरून ती वेगळी ठेवावी. रोजच्या खर्चात मिसळू नये.

आश्रमातील व्यक्तीची जमीन, घर किंवा दागिने संस्थेच्या, विश्वस्ताच्या अथवा कर्मचाऱ्याच्या नावे होत असतील, तर विशेष सावधगिरी हवी. आश्रयाच्या बदल्यात मालमत्ता हा व्यवहार, तो कितीही राजीखुशीने झालेला दिसो, संस्थेच्या विश्वासार्हतेला घातक ठरतो. स्वतंत्र कायदेशीर सल्ल्याशिवाय असे दान स्वीकारू नये. विश्वस्त व कर्मचारी यांनी तर वैयक्तिकरीत्या ते मुळीच स्वीकारू नये.

अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांचे कर्तव्य

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत समाजकल्याण व दुर्बल घटकांचे कल्याण हे विषय पंचायतींच्या कार्यकक्षेत दिलेले आहेत. ग्रामपंचायतीला आश्रमाचा रस्ता, पाणी, दिवाबत्ती यांकडे लक्ष देता येईल आणि वर्षातून एकदा संस्थेचा अहवाल ग्रामसभेपुढे वाचण्यास निमंत्रण देता येईल. असा अहवाल वाचला जाणार आहे ही जाणीवच कारभार सुधारते. आश्रमात राहावयास आलेल्या निराधारांची शिधापत्रिका, आधारवरील पत्ता आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतील अर्ज यांची पूर्तता करण्यास ग्रामसेवक व तलाठी यांचे साहाय्य अत्यंत मोलाचे ठरते. पत्ता बदलल्यामुळे निवृत्तिवेतन खंडित झाले, तर वृद्धाच्या हातातील स्वतःचे म्हणता येईल असे शेवटचे नाणेही जाते.

निर्वाहाच्या तक्रारींसाठी २००७ च्या कायद्यान्वये उपविभागीय स्तरावर न्यायाधिकरणाची व्यवस्था आहे. मुले सक्षम असूनही आईवडिलांना सोडून देतात, अशा प्रकरणी आश्रमाने केवळ दार उघडून न थांबता त्या व्यक्तीला तिच्या या हक्काची माहिती द्यावी. तिला तो हक्क वापरावयाचा नसेल, तर त्या निर्णयाचाही मान राखावा. अडचणीतील ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय साहाय्यवाहिनी उपलब्ध आहे. तिचा क्रमांक पंचायत कार्यालयाच्या भिंतीवर रंगवून घेणे सहज शक्य आहे.

शिक्षकांचा वाटा वेगळ्या प्रकारचा आहे. विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा फळे वाटण्यास नेण्याऐवजी त्यांनी पत्रे लिहून द्यावीत, वर्तमानपत्र वाचून दाखवावे, जुन्या शेतीच्या, ओव्यांच्या, दुष्काळाच्या आठवणी लिहून घ्याव्यात. अशा उपक्रमात घेणारे विद्यार्थी असतात आणि देणारे वृद्ध. म्हणून दोघांचाही मान वाढतो.

संस्थेची कसोटी

संस्था सुदृढ आहे की नाही, हे पाहण्यासाठी विश्वस्तांनी दरवर्षी स्वतःला काही प्रश्न विचारावेत. आजचा कार्यवाह उद्या नसला, तर कागदपत्रे, किल्ल्या आणि बँकेचे व्यवहार दुसऱ्या कोणास ठाऊक आहेत काय? सहा महिने देणग्या आल्या नाहीत, तर स्वयंपाकघर चालेल काय? मध्यरात्री कोणी आजारी पडल्यास वाहन व सोबत मिळेल काय? आणि संस्था बंद करण्याची वेळ आलीच, तर प्रत्येक वृद्ध कोठे जाईल, हे लिहून ठेवलेले आहे काय? या चार प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर देता येणारी संस्था लहान असली तरी सुरक्षित समजावी.

वृद्धाश्रम वाढावेत ही कोणत्याही समाजाची आकांक्षा असू शकत नाही. परंतु जोवर एकाही वृद्धाला त्याची गरज आहे, तोवर तो विश्वासार्ह असलाच पाहिजे. आयुष्याच्या अखेरीस ज्याने आपली वळकटी त्या दारात ठेवली, त्याला ती पुन्हा उचलावी लागू नये. ही हमी केवळ दयेतून देता येत नाही. नियमित बैठक, स्वच्छ हिशेब, वेळेवर दिलेला अर्ज आणि महिन्याकाठी न चुकता येणारी शेजाऱ्यांची छोटी वर्गणी यांतूनच ती आकाराला येते.